श्रेयनामावलीत कोणतं आडनाव?

1931 साली ‘फरेबी जाल’ नावाचा बोलपट आला. मुंबईतल्या एका प्रतिष्ठित घरातल्या तरुणीची त्यात छोटीशी भूमिका होती. जाहिरात मात्र तिच्याच जोरावर केली गेली. प्रसिद्ध सॉलिसिटर लाड यांची कन्या आणि खोटे घराण्याची सून पडद्यावर येते आहे, असा जाहिरातीचा सूर होता. तिच्या अभिनयाबद्दल कुणाला काही सांगायचं नव्हतं. माहेरचं आणि सासरचं, अशी दोन वजनदार आडनावं लोकांपुढे मांडायची होती. चित्रपट पडला आणि बोलणी दोन्ही घरांना खावी लागली. पुढच्याच वर्षी प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये ती तारामती झाली आणि दुर्गा खोटे हे नाव घराघरांत पोचलं.

पंचविशी ओलांडते न ओलांडते तोच पती गेले. पदरी दोन मुलगे होते. पुढे दुर्गाबाईंनी दुसरं लग्न केलं, पण खोटे हे आडनाव पडद्यावरून कधी उतरलं नाही. 1983 चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्याच नावाला मिळाला. ‘वागळे की दुनिया’ ही मालिका ज्या संस्थेनं काढली, तिच्या नावातही दुर्गा खोटेच होत्या.

मी नाटकांच्या जाहिराती आणि मालिकांच्या श्रेयनामावली लिहिण्याच्या कामात बरीच वर्षं आहे. नाव किती ठळक छापायचं, कुणाच्या आधी, कुणाच्या नंतर, यावरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत. पण कलावंत मुलीचं लग्न झालं, की येणारा प्रश्न या सगळ्यांहून नाजूक असतो. आता हिचं आडनाव काय लिहायचं? त्याचं उत्तर अनेकदा तिला सोडून बाकी सगळे देतात, म्हणून हे किस्से सांगावेसे वाटतात.

एकाच घरातल्या दोघी

दुर्गाबाईंचा धाकटा मुलगा हरिन. त्यांच्याशी लग्न झालं विजया जयवंत यांचं. 1960 मध्ये ‘रंगायन’ ही नाट्यसंस्था उभी राहिली, त्या काळात रंगभूमी त्यांना विजया खोटे म्हणून ओळखू लागली होती. हरिन अकाली गेले. नंतर फारोख मेहता यांच्याशी विवाह झाल्यावर त्या विजया मेहता झाल्या आणि ‘बॅरिस्टर’, ‘हमीदाबाईची कोठी’, ‘महासागर’, ‘वाडा चिरेबंदी’ या नाटकांवर तेच नाव कोरलं गेलं. सासूनं पतीच्या मागे त्यांचं आडनाव आयुष्यभर चालवलं. सुनेनं नव्या संसाराबरोबर नवं आडनाव घेतलं. दोघींपैकी कुणाचंही काम त्यामुळे तसूभर कमी झालं नाही. आडनाव बदललं तर लोक विसरतील का, असं कुणी विचारलं की मी या दोघींकडे बोट दाखवते.

गाण्याच्या जगातही हेच दिसतं. माणिक दादरकर हे नाव ध्वनिमुद्रिकांवर छापलं जात होतं, रसिकांच्या ओठांवर होतं. अमर वर्मा यांच्याशी लग्न झाल्यावर त्या माणिक वर्मा झाल्या आणि मराठी भावगीत त्याच नावानं ओळखलं जाऊ लागलं. सुलोचना कदम यांनी हिंदी चित्रपटांत गाऊन नाव कमावलं होतं. दिग्दर्शक श्यामराव चव्हाण यांच्याशी लग्न झालं, 1962 मध्ये ‘रंगल्या रात्री अशा’ या चित्रपटासाठी लावणी गायल्या आणि महाराष्ट्राला सुलोचना चव्हाण मिळाल्या. दोघींनी ऐन उमेदीत आडनाव बदललं, श्रोत्यांनी ते सहज स्वीकारलं.

संसार संपला, नाव राहिलं

याउलट किश्शांची रांगही तेवढीच मोठी आहे. येवल्यात जन्मलेली अंबा सगुण मूकपटांच्या काळात बालकलाकार म्हणून आली, गणपतराव पवारांशी लग्न झाल्यावर ललिता पवार म्हणून स्थिरावली. ते लग्न टिकलं नाही. निर्माते राजप्रकाश गुप्ता यांच्याशी त्यांचा दुसरा संसार झाला. तरी ‘अनाडी’तली मिसेस डिसा आणि ‘रामायण’ मालिकेतली मंथरा या दोघी ललिता पवार यांनीच उभ्या केल्या.

आशा मंगेशकर सोळाव्या वर्षी गणपतराव भोसले यांच्याशी लग्न करून आशा भोसले झाल्या. 1960 च्या सुमारास ते दोघं वेगळे झाले, 1980 मध्ये राहुलदेव बर्मन यांच्याशी विवाह झाला, पण तबकड्यांवरचं भोसले हलायला तयार नव्हतं. तोवर त्या आडनावात हजारो गाण्यांची मेहनत साठली होती. रीमा लागूंचंही तसंच. त्यांचं माहेरचं नाव नयन भडभडे. लहानपणी त्या बेबी नयन म्हणून पडद्यावर दिसल्या. विवेक लागूंशी लग्न झाल्यावर नाव आणि आडनाव दोन्ही बदललं. पुढे वाटा वेगळ्या झाल्या, तरी शेवटपर्यंत त्या रीमा लागूच राहिल्या.

बाहेरचे लोक म्हणतात, वेगळं झाल्यावर त्याचं आडनाव कशाला लावायचं? आत काम करणाऱ्याला याचं उत्तर ठाऊक असतं. आडनाव लग्नातून आलं असेल. मोठं केलं ते त्या बाईनं. तालमी तिनं केल्या, दौऱ्यांच्या बसमध्ये रात्री तिनं काढल्या. ते तिनं कमावलेलं आहे आणि परत मागायचा हक्क कुणालाच नाही.

पाटी बदलली आणि परत लावली

एका मालिकेतल्या नायिकेचं मालिका चालू असतानाच लग्न झालं. सुट्टीवरून ती परतेपर्यंत प्रॉडक्शनच्या मुलांनी तिला आनंदाचा धक्का म्हणून शीर्षकातली तिची पाटी सासरच्या आडनावानं करून टाकली होती. तिनं ती मॉनिटरवर पाहिली, सगळ्यांचे आभार मानले आणि दिग्दर्शकाला बाजूला घेऊन म्हणाली, “सर, पुरुषोत्तम करंडकाच्या प्रमाणपत्रावर माझं जे नाव आहे, तेच राहू द्या.” नवरा तिला सोडायला आला होता. तो म्हणाला, “मीही हिला आधी त्याच नावानं ओळखत होतो.” संध्याकाळच्या आत जुनी पाटी परत लागली.

त्याच मालिकेतल्या दुसऱ्या मुलीनं काही महिन्यांनी उलटा निरोप पाठवला. तिला सासरचं आडनाव हवं होतं, तेही माहेरचं न जोडता. युनिटमधल्या एका ज्येष्ठ बाईंनी तिला समजवायला सुरुवात केली, की आजकालच्या मुली असं करत नाहीत. ती शांतपणे म्हणाली, “ताई, ते घर मला जन्मानं मिळालं. हे मी निवडलंय.” बाई गप्प झाल्या, मी नवं नाव लिहून घेतलं. आडनाव बदलायलाच हवं हा जसा दबाव, तसा बदलूच नये हाही दबावच.

तिसरी वाट जोडनावाची. निवेदिता जोशी-सराफ, सुकन्या कुलकर्णी-मोने, मृणाल देव-कुलकर्णी. जाहिरात लिहिणाऱ्याला यात एकच अडचण, जागा जास्त लागते. एवढी जागा द्यायला हवी. आणि प्रिया बापट यांच्यासारख्या अभिनेत्री उमेश कामत यांच्याशी लग्न झाल्यावरही आहे त्याच नावानं काम करतात. त्यांच्या पाटीवर काही बदलावंच लागलं नाही.

पासपोर्ट, पॅन आणि पाटी

खरी धावपळ कागदांवर होते. अमेरिकेच्या एका दौऱ्याच्या वेळी आमंत्रणपत्रात अभिनेत्रीचं रंगमंचावरचं नाव आलं, पासपोर्टवर सासरचं होतं आणि मानधन जायचं त्या पॅन कार्डावर माहेरचं. व्यवस्थापकाला सगळी पत्रं नव्यानं मागवावी लागली. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक कलावंताच्या नोंदीत तीन रकाने असतात: पाटीवरचं नाव, पासपोर्टवरचं नाव, पॅनवरचं नाव. तिकीट पासपोर्टप्रमाणे निघतं, पैसे पॅनप्रमाणे जातात, टाळ्या पाटीवरच्या नावाला पडतात.

लग्नानंतर बाईनं आडनाव बदललंच पाहिजे, असा कोणताही कायदा भारतात नाही, हे लग्नघरात कुणी सांगत नाही. विवाह नोंदणीच्या दाखल्यानं नाव आपोआप बदलत नाही. बदलायचं तर तिनं अर्ज करावा लागतो. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलण्याची गरज नाही, हे पंतप्रधानांनी 2017 मध्ये जाहीरपणे सांगितलं. महाराष्ट्रात 1 मे 2024 रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःच्या नावानंतर आईचं नाव, मग वडिलांचं आणि आडनाव, असा क्रम आला. विवाहित स्त्रीच्या नावापुढे पतीचं नाव लिहिण्याची पद्धत मात्र तशीच ठेवली गेली. आईच्या नावाला जागा मिळाली, हे चांगलंच झालं. बायकोच्या स्वतःच्या नावाचा विचारही एक दिवस व्हायला हवा.

लग्न ठरलेल्या मुलींनी हा निर्णय हळदीच्या गडबडीत घेऊ नये. आधी बसावं, आपलं काम, प्रमाणपत्रं, बँक, प्रवास, सगळं समोर ठेवावं आणि ठरवावं. पाटीवर एक नाव आणि कागदावर दुसरं ठेवायचं असेल तर तेही चालतं, फक्त नोंद नीट हवी. सासरच्यांना माझी विनंती एवढीच, की पत्रिका छापायला देण्याआधी आणि दारावर नव्या नावाची पाटी लावण्याआधी तिला विचारा. ती जे नाव सांगेल, ते लिहा.