चाळीस अंशांतले लंडन

परभणीच्या मोंढ्यात आमची पिढीजात पेढी. या घरात सून म्हणून आल्यापासून मी चाळीसहून अधिक उन्हाळे पाहिले. वैशाखात पारा ४३-४४ अंशांना टेकला, तरी आमच्याकडे त्याची कोणी बातमी करत नाही. म्हणूनच २०२२ च्या जुलैत मुलाकडे लंडनला असताना टीव्हीवर ४० अंशांचा इशारा ऐकला, तेव्हा मला हसू आवरले नाही.

शुक्रवार, १५ जुलै रोजी तेथील हवामान खात्याने १८ आणि १९ जुलैसाठी लाल इशारा दिला. अतिउष्णतेसाठी असा इशारा त्या देशात प्रथमच दिला जात होता. मुलगा म्हणाला, “आई, तू या दोन दिवसांत बाहेर पडू नकोस.” मी उत्तरले, “अरे, चाळीस म्हणजे आपल्याकडचा चैत्र!” सोमवारी शेजारच्या एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाईंनी कुंपणापलीकडून काळजीने विचारले, तेव्हाही सुनेकरवी मी त्यांना हेच सांगितले, की आमच्या गावी हे रोजचेच, घाबरू नका. त्या हसल्या. माझ्या त्या शब्दांची आठवण आजही मला बोचते.

मंगळवार, १९ जुलै. सकाळी साडेनऊलाच वरच्या मजल्यावरील खोली भट्टीसारखी तापली. हीथ्रो येथे त्या दिवशी ४०.२ अंशांची, तर लिंकनशायरमधील कोनिंग्ज्बी येथे ४०.३ अंशांची नोंद झाली. ब्रिटनने ४० चा आकडा इतिहासात प्रथमच ओलांडला होता. त्याआधीचा उच्चांक ३८.७ अंशांचा, तोही तीनच वर्षांपूर्वीचा, केंब्रिजचा.

तेव्हा मला उमगले, की आकडा तोच असला तरी घर ते नव्हते. आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंती दोन-दोन हात जाड, छत मातीच्या माळवदाचे, दारात वाळ्याचा पडदा, कोपऱ्यात माठ, आणि दिवस मावळला की निजायला गच्ची. तेथील घरे हिवाळ्याची ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली. खिडक्यांना दुहेरी काचा, जमिनीवर गालिचे, पंखा क्वचितच, वातानुकूलन तर विरळाच. शिवाय जुलैत तेथे सूर्य पहाटे पाचला उगवतो आणि रात्री नऊनंतर मावळतो. सोळा तास तापलेल्या घराला निवायला रात्र पुरत नाही. आमच्यासारख्या रात्रिभोजन न करणाऱ्यांना एरवी तो लांब दिवस सोयीचा वाटतो. त्या दिवशी मात्र तो संपता संपेना.

शहराचीही तीच गत. रेल्वेचे रूळ तेथील हवामानानुसार सुमारे २७ अंश गृहीत धरून बसवलेले. उन्हात रूळ हवेपेक्षा वीस अंशांपर्यंत अधिक तापतो आणि वाकण्याचा धोका असतो. म्हणून गाड्या मंदावल्या, कित्येक रद्द झाल्या. आदल्या दिवशी ल्यूटन विमानतळाची धावपट्टी उष्णतेने खराब होऊन काही काळ बंद राहिली होती. मंगळवारी पूर्व लंडनमधील वेनिंग्टन गावात वाळलेल्या गवताच्या आगीने घरे भस्मसात केली. लंडनच्या अग्निशमन दलासाठी दुसऱ्या महायुद्धानंतरचा तो सर्वाधिक धावपळीचा दिवस ठरला.

दुपारी सून म्हणाली, “आई, शेजारच्या आजी सकाळपासून दिसल्या नाहीत.” आम्ही दोघी गेलो. पुष्कळ वेळाने दार उघडले. चेहरा लालबुंद, बोलणे अडखळते, अंगात लोकरी स्वेटर, पडदे उघडे आणि घरात थेट ऊन. सुनेने आधी वैद्यकीय मदतीसाठी फोन केला. तिकडून मिळालेल्या सूचनांनुसार आम्ही त्यांना खालच्या सावलीच्या खोलीत आणले, स्वेटर काढला, ओल्या कापडाने हातपाय, मान पुसली, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी घोट घोट पाजले. तासाभराने त्या नीट बोलू लागल्या. म्हणाल्या, “तुम्हीच सांगितलेत ना, घाबरू नका म्हणून?” त्यात तक्रार नव्हती; पण मला मान वर करवेना.

त्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये उष्णतेच्या लाटांच्या दिवसांत ६५ वर्षांवरील सुमारे २८०० माणसे नेहमीच्या प्रमाणापेक्षा अधिक दगावली, असे पुढे सरकारी आकडेवारीत वाचले. त्या दुपारी आणखी तासभर उशीर झाला असता तर, हा विचार तेव्हापासून मनातून जात नाही.

आज आपल्या बहुतेक घरांतील एखादे तरी मूल परदेशी आहे आणि आईवडील चार-सहा महिने तेथे राहून येतात. त्यांना अनुभवाने एवढेच सांगावेसे वाटते: आपल्या गावचे ऊन-थंडी परक्या गावाच्या मापाने मोजू नये, आणि तेथील आपल्या मापाने. इशारा आला की तो पाळावा. उन्हाच्या बाजूच्या खिडक्या-पडदे दिवसा बंद ठेवून रात्री उघडावेत. व्रत-नियम असल्यास घरच्यांना व डॉक्टरांना आधी कल्पना द्यावी. आणि शेजारी कोणी एकटे वृद्ध असेल, तर दिवसातून दोनदा दार वाजवावे.

बुधवारी पारा उतरला, आकाश भरून आले. शेजारच्या आजी कुंपणाशी आल्या आणि विचारू लागल्या, “तुमच्याकडे खरोखर हे रोजचेच?” मी सुनेला म्हटले, “त्यांना सांग, रोजचेच आहे. पण आमचे घर त्यासाठी बांधलेले असते.”