पात्याच्या टोकाला टाकी

पहाटे 5.30
खिडकीबाहेर कनेक्टिकटचा बर्फ आणि काळोख. चहा उकळतोय, फोनवर आई. तिच्याकडे दुपारचे चार वाजलेत, तिचाही चहाच चाललाय.
"आज काय काम गं?"
"टाकी लावायची आहे."
तिला एवढं पुरतं. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत ‘टाकीऽ, पाट्याला टाकीऽ’ अशी हाक यायची. गुळगुळीत झालेल्या पाट्यावर हाक देणारी बाई छिन्नीने टिंबं टोचून द्यायची आणि मसाला पुन्हा नीट वाटला जायचा. मी जेट इंजिनाच्या पात्यांची टोकं अशीच खरखरीत करते.

सकाळी 6.30
प्रॅट अँड व्हिटनीने 1925 मध्ये हार्टफर्डला इंजिनं बांधायला घेतली. तेव्हापासून या भागात इंजिनांवर पोट असलेली वर्कशॉपं आहेत. आमचं त्यातलंच एक, पाती दुरुस्त करणारं.

ट्रेमधलं एक पातं उचलते. तळहातावर मावेल एवढं, निकेलच्या मिश्रधातूचं. टर्बाइनमध्ये त्याच्यावर येणारा वायू तो धातू वितळेल त्या तापमानाहूनही तप्त असतो. आतून खेळवलेल्या हवेमुळेच ते टिकतं, आणि मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेतं. त्याच्या टोकाभोवती कड्यासारखं कवच असतं. मधल्या फटीतून जो वायू निसटतो, तो काम न करताच जातो. नासाच्या अभ्यासातला हिशेब असा, की ही फट पाव मिलिमीटरने कमी केली तर इंधन सुमारे एक टक्का वाचतं आणि बाहेर पडणारा वायू दहाएक अंशांनी थंड राहतो.

मग फट ठेवायचीच कशाला? कारण उड्डाणाच्या वेळी चकती आणि तिच्यावर बसवलेली पाती झपाट्याने ताणतात, फुगतात. बाहेरचं आवरण मागून सावकाश प्रसरण पावतं. त्या क्षणी टोक कवचाला घासतं. कवचावर झिर्कोनियाचं सच्छिद्र सिरॅमिक असतं. नुसता धातू त्यावर घासला तर पातंच झिजतं आणि फट कड्याच्या पूर्ण घेरात वाढते. टोकावर धारदार कण असले तर पातं शाबूत राहतं आणि कवचात त्याच्यापुरती चर पडते.

सकाळी 8.00
प्लेटिंग. टोक सोडून सगळं पातं मेणाने झाकायचं, नाहीतर हवेची भोकं बुजतात. टोक आम्लात उजळायचं आणि लगेच निकेलचा पातळ थर चढवायचा. मग ते क्यूबिक बोरॉन नायट्राइडच्या कणांत रोवायचं. मधाच्या रंगाचे हे कण बारीक रव्याहून लहान असतात, साधारण 0.1 मिलिमीटरचे. वीज सुरू झाली की निकेल साचतं आणि त्यांचे पाय धरून ठेवतं. पुढच्या टँकमध्ये कोबाल्ट, क्रोमियम, अ‍ॅल्युमिनियम आणि इट्रियम असलेला थर कणांच्या अर्ध्याहून थोडा वर येईपर्यंत भरायचा. डोकी उघडी राहिली पाहिजेत. कापायचं काम त्यांचंच.

सकाळी 10.30
कालच्या लॉटबरोबर एक भंगार पातंही टँकमधून काढलं होतं. ते कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरते. कण छान बसलेत. पण पातं आणि थर यांच्या मध्ये एक काळी रेषा आहे, केसाहून बारीक.

प्लेटिंगवर तीस वर्षं काढलेले आमचे ज्येष्ठ सहकारी भिंगात डोकावतात आणि काही न बोलता कालची नोंदवही काढतात. आम्लातून निघालेली पाती टँक रिकामा होईपर्यंत थांबली होती. निकेलच्या मिश्रधातूवर हवेत ऑक्साइडचा पापुद्रा धरायला फार वेळ लागत नाही, आणि त्या पापुद्र्यावर चढलेला थर खऱ्या अर्थाने चिकटलेला नसतो. टँक रिकामा आहे की नाही हे न पाहता पाती आम्लात सोडायला मीच सांगितलं होतं. मी लॉट थांबवते. चोवीसही पात्यांवरचा थर उतरवायचा.

दुपारी 12.30
डबा उघडते, पोळी-भाजी. चूक डोक्यातून जात नाही, म्हणून कणांचा विचार करते. क्यूबिक बोरॉन नायट्राइड रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी 1957 मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये प्रथम बनवलं. कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल. हिरा इथे चालत नाही, तो तापलेल्या हवेत जळून जातो. हे कण त्याच्यापेक्षा जास्त सोसतात, पण टर्बाइनच्या आचेत तेही अखेर बोरॉन ऑक्साइड होऊन संपतात. सिलिकॉन कार्बाइड हवेत टिकतं, पण निकेलशी संयोग पावून पात्यालाच बाधतं; म्हणून त्याच्या कणांना अ‍ॅल्युमिनाचं कवच चढवतात. जे उत्तम कापतं ते फार टिकत नाही. तरीही आम्ही तेच निवडतो, कारण चर पडायची ती मुख्यतः सुरुवातीच्या चालण्यात. तेवढ्यात कणांचं काम होऊन जातं. त्यानंतर टोकाचं रक्षण थरातलं अ‍ॅल्युमिनियम करतं, स्वतःवर ऑक्साइडची साय धरून.

दुपारी 2.00
थर उतरलेली पाती परत आली. लांबी मोजली, मूळ धातूला धक्का नाही. या वेळी टँक रिकामा करून, वीज तयार ठेवून मगच पहिलं पातं आम्लात. सहकारी घड्याळ धरतात, मी पाती हलवते. आम्ही दोघंही जागचे हलत नाही.

दुपारी 4.30
जुन्या लॉटची पाती घर्षणचाचणीहून परत आली. कवचाच्या तुकड्यावर स्वच्छ, सरळ चर. पात्याची लांबी चाचणीला जाताना होती तेवढीच. चरीवरून बोट फिरवते. कडा कुठेही तुटलेली नाही. सकाळपासून पहिल्यांदाच खांदे सैल होतात.

रात्री 8.30
आईकडे सकाळचे सात.
"लागली का टाकी?"
"काल कच्ची लागली होती. आज काढून पुन्हा लावली."
"बरं केलंस. कच्ची टाकी वाटणात कच सोडते. आम्ही तर नव्या टाकीवर आधी कोंडा वाटून फेकून द्यायचो."

माझ्या पात्याला ती मुभा नाही. त्याचं पहिलं घासणं हेच त्याचं खरं काम, आणि ते कुणाच्या तरी प्रवासासाठी झालेलं असतं. उद्या साडेसहाला आजच्या लॉटबरोबरचं भंगार पातं कापायचं. काळी रेषा नसेल तरच बाकीची पुढे जातील.