बहुमत असूनही विधेयक का अडलं?

सप्टेंबर १९५१ मध्ये दिल्लीच्या हंगामी संसदेत काँग्रेस पक्षाचं प्रचंड बहुमत होतं. समोर जे विधेयक होतं त्याला पंतप्रधान पंडित नेहरूंचा जाहीर पाठिंबा होता, आणि ते चालवायला कायदेमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. एवढं असूनही हिंदू कोड बिल चार कलमांच्या पुढे सरकलं नाही. ते बाजूला ठेवण्यात आलं आणि २७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. आता विरोधी पक्ष म्हणावा असा सभागृहात नव्हताच, मग बिल अडवलं कोणी? ते अडवण्यात मोठा वाटा होता पक्षातल्याच जुन्या मताच्या सभासदांचा. पक्ष एक, पुढारी एक, आणि तरी हे कसं घडतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

या बिलात होतं काय? लग्न, घटस्फोट, दत्तक आणि वारसा यांविषयी प्रांतोप्रांती निरनिराळे रिवाज होते. त्यांच्या जागी सगळ्या हिंदूंना एक कायदा लावायचा, नवऱ्याला एका बायकोवर दुसरी करता येऊ नये, आणि मुलीला बापाच्या इस्टेटीत वाटा मिळावा, असा त्याचा आशय होता. मसुद्याचं काम बेनेगल नरसिंह राव यांच्या समितीनं केलं. पुण्याच्या लॉ कॉलेजचे ज. र. घारपुरे तिचे एक सभासद होते. आपल्या भागाला यातलं सगळंच काही नवखं नव्हतं. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात विधवाविवाहाला आणि आंतरजातीय विवाहाला कायद्याचं पाठबळ दिलं होतं. मुंबई प्रांतात दुसऱ्या लग्नाला बंदी करणारा कायदा १९४६ साली आणि घटस्फोटाचा कायदा १९४७ साली झालेला होता. परंतु मुलीचा वाटा म्हटला की प्रश्न थेट जमिनीपाशी येतो, आणि तिथं भले भले सुधारक अडखळतात.

विरोध करणाऱ्यांना केवळ हटवादी म्हणून सोडून देणं बरोबर होणार नाही. पंडित ठाकूरदास भार्गव, पंडित लक्ष्मीकांत मैत्र यांच्यासारखे अभ्यासू सभासद त्यांत होते. त्यांच्या बाजूनं मांडला जाणारा एक मुद्दा तर वजनाचा होता. ही संसद प्रौढ मतदानानं निवडलेली नव्हती. १९४६ साली मर्यादित मतदारांनी निवडलेल्या प्रांतिक विधिमंडळांनी तिचे बहुतेक सभासद पाठवले होते. अशा सभागृहानं कोट्यवधी लोकांच्या घरचा कायदा बदलावा का, असा सवाल होता. जमिनीचे तुकडे होतील, जावई येऊन शेतात उभा राहील, हा दुसरा मुद्दा. तो आजही गावच्या पारावर ऐकायला मिळतो.

शाळेत मुलं इथं हटकून घोटाळा करतात, म्हणून शिक्षकांसाठी थोडा खुलासा करतो. पक्षाचा अध्यक्ष वेगळा, देशाचे राष्ट्रपती वेगळे आणि पंतप्रधान वेगळे. पंतप्रधानाला बळ मिळतं ते सभागृहातल्या सभासदांकडून. सभासदाला तिकीट मिळतं ते पक्षसंघटनेकडून, आणि संघटनेच्या शिरावर असतो पक्षाध्यक्ष. पंतप्रधानाचं आणि पक्षाध्यक्षाचं मत एक असलं तर गाडा सुरळीत चालतो, नसलं तर नाराज सभासदाला दुसरा दरवाजा मोकळा सापडतो.

१९५० साली तो दरवाजा उघडला. काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी तिघे उभे राहिले: पुरुषोत्तमदास टंडन, आचार्य कृपलानी आणि आपल्याकडचे शंकरराव देव. टंडनांना १३०६ मतं पडली, कृपलानींना १०९२ आणि शंकररावांना २०२. टंडन जुन्या वळणाचे, हिंदू कोडाच्या विरुद्ध. त्यांच्या पाठीशी सरदार पटेल होते. त्यांच्या अध्यक्षतेखालचं अधिवेशन त्याच सप्टेंबरात आपल्या नाशिकला भरलं. डिसेंबरात सरदार वारले. पुढं १९५१ च्या ऑगस्टमध्ये नेहरूंनी कार्यकारिणी सोडली. भांडण होतं कार्यकारिणीत आणि उमेदवार ठरवणाऱ्या समितीत माणसं कोणाची असावीत, याचं. अखेर टंडनांनी राजीनामा दिला आणि ८ सप्टेंबरला नेहरूच पक्षाध्यक्ष झाले.

म्हणजे आता दोन्ही पदं एका हाती आली. तेव्हा बिल झपाट्यानं पुढं जायला हवं होतं! उलट, त्याच महिन्यात ते बारगळलं.

याचं कारण प्रतोद या शब्दात सापडतं. प्रतोद म्हणजे जनावरं हाकण्याचा चाबूक. सभागृहात पक्षाच्या सभासदांना एकत्र राखणारा, मतदानाला कोणत्या बाजूला उभं राहायचं हे सांगणारा जो सभासद असतो त्याला प्रतोद म्हणतात, आणि त्याच्या हुकमाला पक्षादेश. इंग्रजांकडे हा शब्द शिकारी कुत्र्यांचा कळप आवरणाऱ्या नोकरावरून आला. आज पक्षादेश मोडला तर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यान्वये सभासदत्व जाऊ शकतं. त्या काळी असा कायदा नव्हता. फार तर पुढचं तिकीट जायचं.

हिंदू कोडाच्या बाबतीत नेहरूंनी सभासदांना मतदानाची मोकळीक दिली. बाबासाहेबांची त्याला हरकत नव्हती. त्यांचं म्हणणं इतकंच होतं की भाषणाला वेळेची मर्यादा घालणारा पक्षादेश काढा, आणि चर्चा पुरेशी झाली की ती आटोपण्याचा ठराव मुख्य प्रतोदानं मांडावा. तसा आदेश शेवटपर्यंत निघाला नाही. राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी मुख्य प्रतोदावर कडक ठपका ठेवला, आणि अशा प्रतोदाला सांभाळून घेतल्याबद्दल पंतप्रधानांवरही. जुन्या मताच्या सभासदांना बिल पाडण्याची गरजच नव्हती. त्यांनी फक्त बोलत राहायचं होतं. अधिवेशनाचे दिवस मोजके, निवडणूक तोंडावर आलेली. संपूर्ण बिल होत नाही म्हणून केवळ विवाह आणि घटस्फोट एवढाच भाग घ्यावा असं ऐन वेळी ठरलं, पण तोही पुरा झाला नाही.

त्यातच राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी पंतप्रधानांना कळवलं की या बिलाबाबत आपण स्वतःच्या विचारानं वागू इच्छितो. नेहरूंनी महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांना सल्ला विचारला. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं बांधलेले आहेत, असं दोघांनीही सांगितलं. घटनेचा एक मोठा प्रश्न या निमित्तानं पुढं आला, परंतु तोवर बिलच थांबलं होतं.

माझ्या मते नेहरूंची अडचण हिमतीची जितकी होती तितकीच हिशेबाचीही होती. पक्षाध्यक्षपद हाती आलं तरी सभागृहातली माणसं जुनीच होती, आणि निवडणुकीत प्रांताप्रांतातून काम त्यांच्याच गोतावळ्याकडून करून घ्यायचं होतं. मतदान १९५१ च्या ऑक्टोबरपासून १९५२ च्या फेब्रुवारीपर्यंत चाललं. अलाहाबादकडे खुद्द नेहरूंविरुद्ध प्रभुदत्त ब्रह्मचारी हिंदू कोडाचाच विरोध घेऊन उभे राहिले आणि पडले. लोकसभेच्या ४८९ जागांपैकी ३६४ काँग्रेसला मिळाल्या. आता सभासद प्रौढ मतदानातून आला होता, आणि पुष्कळ ठिकाणी नेहरूंच्या नावावर आला होता. संसदेला अधिकार नाही हा जुना युक्तिवादही त्याबरोबर संपला.

शिवाय, एका बिलाची चार बिलं करण्यात आली. विवाहाचा कायदा १९५५ साली झाला. वारसा, अज्ञानपालकत्व आणि दत्तक-पोटगी हे तिन्ही १९५६ साली. लोकसभेत ही कामगिरी कायदेखात्याचे मंत्री या नात्यानं जळगावचे हरि विनायक पाटसकर यांनी मोठ्या चिकाटीनं पार पाडली. विरोधाची भाषणं तेव्हाही झालीच. पण राजेंद्रप्रसादांनी या कायद्यांना संमती दिली.

तथापि जुन्या मताचे लोक रिकाम्या हातानं गेले असं समजू नये. १९५६ च्या कायद्यात वडिलोपार्जित एकत्र इस्टेटीची पद्धत तशीच राहिली. मुलगा जन्मतःच तिचा हिस्सेदार. मुलीला मिळायचा तो बापाच्या वाटणीतला वाटा, तोही बापाच्या पश्चात. शिवाय बाप मृत्युपत्र करून तो आपला हिस्सा दुसऱ्याला देऊ शकत होता. शेतजमिनीच्या काही कायद्यांनाही या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आलं.

महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून मुलीला जन्मानं हिस्सेदार केलं, पण त्या दिवशी जिचं लग्न झालेलं होतं ती वगळली गेली. साऱ्या देशासाठी ही दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला लागू झाली. तिच्यात लग्न झालेल्या मुलीही आल्या आणि शेतजमिनीची ती सवलतही गेली. बापाचा मृत्यू या तारखेच्या आधी झाला असेल तर मुलीचं काय, हा वाद आणखी पंधरा वर्षं कोर्टांत चालला. बाप त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, कारण हक्क जन्मानं येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली सांगितलं. आता सातबाऱ्यावर बहिणीचं नाव लागतं. ते लागल्यावर पुढच्या महिन्यात तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेतलं जातं, त्याला मात्र कोणत्याही पक्षाचा आदेश लागत नाही.