भोपळ्यातला उजेड आणि सावली

आपल्या भागातल्या काही घरांतली मुलं आता अमेरिकेत आहेत. लेकीसुनांच्या बाळंतपणाला, नातवंडं सांभाळायला आया तिकडे जाऊन राहतात. ऑक्टोबर आला की नातवंडं म्हणतात, "आजी, भोपळा कोरायचा!" तो कसा कोरतात, ते आज आम्ही सांगणार आहोत.

३१ ऑक्टोबरला तिकडे हॅलोविन असतो. कोरलेल्या कंदात दिवा ठेवायची चाल मूळची आयर्लंड-स्कॉटलंडची. तिथे सलगम कोरत. तिथली माणसं अमेरिकेत गेली आणि त्यांना भोपळा सापडला. तो मोठा, आतून पोकळ, कोरायला सोपा. आता तर गावंच्या गावं भोपळे उजळतात. २०१३ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातल्या कीन या गावानं एका वेळी ३०,५८१ भोपळे पेटवून विक्रम केला होता.

डोळे-तोंड आरपार कापलं की साधा चेहरा होतो. पण काही भोपळ्यांवर फोटोसारखं चित्र दिसतं, त्यात सावलीही असते. तिथे रंग अजिबात लावलेला नसतो. सगळी करामत जाडीची. गर पातळ झाला की त्यातून उजेड झिरपतो. साल ठेवली तर ती जागा काळी दिसते. साल काढून थोडा गर खरवडला तर गडद नारिंगी, आणखी खरवडला तर पिवळसर, आरपार कापलं तर लख्ख. म्हणजे जिथे जास्त उजेड हवा, तिथे जास्त खोल जायचं.

आता कृती. भोपळ्याला वरून किंवा मागून भोक पाडून बिया आणि जाळी काढा. चित्राच्या बाजूची भिंत आतून चमच्यानं खरवडून साधारण एक इंच जाड ठेवा. ती सगळीकडे सारखी हवी, नाहीतर सावल्या चुकतात. भाकरी कुठे जाड, कुठे पातळ हे हाताला कळतं, तसंच हेही कळतं. मग चित्राचा कागद चिकटवून रेघांवर टाचणीनं टोचत जा. कागद काढला की ठिपके उरतात.

घुबडाचं उदाहरण घेऊ. चोच, पाय आणि बुबुळं यांची साल तशीच ठेवा. पिसांची साल काढून वरवर खरवडा. चेहऱ्याचा गोल त्याहून खोल घ्या. बुबुळाभोवतीचं कडं मात्र आरपार कापू नका. कापलंत तर बुबुळ सुटून खाली पडेल. तिथे पाव इंच गर राहू द्या, कडं छान उजळतं. आधी मधलं बारीक काम, मग कडेचं, आणि आरपार भोकं सगळ्यात शेवटी, म्हणजे भिंत कमजोर होत नाही. मधूनमधून खोलीत अंधार करून आत दिवा ठेवून बघा. काढलेला गर परत लावता येत नाही, म्हणून थोडं थोडं काढा.

अखंड भोपळा बाईनं फोडू नये, असं आपल्याकडे काही घरांत मानतात. रोज विळीवर घरादाराची भाजी चिरणाऱ्या हाताला ही मनाई कशाला, असं आम्हाला वाटतं. भीती बाळगायचीच तर ती सुरी निसटण्याची बाळगा. साल टणक असते. मोठी सुरी अडकते, जोर लावला की निसटते आणि दुसऱ्या हातात घुसते. म्हणून भोपळ्यासाठी मिळणारी लहान करवत वापरा, साल काढायला लाकडावर कोरायचं बारीक हत्यार घ्या. हात कोरडे ठेवा, दुसरा हात पात्याच्या वाटेत आणू नका. नातवंडांना बिया काढायचं आणि टाचणीनं टोचायचं काम द्या, सुरी देऊ नका.

आत मेणबत्तीऐवजी बॅटरीवरचा एलईडी दिवा ठेवा. मेणबत्तीच्या उष्णतेनं पातळ गर सुकतो, आणि मुलांच्या सणाच्या झुळझुळीत कपड्यांना आगीचा धोका असतो. कापलेल्या कडांना पेट्रोलियम जेली लावली की त्या लवकर सुकत नाहीत. तरीही कोरलेला भोपळा थोडेच दिवस टिकतो, म्हणून सणाच्या एक-दोन दिवस आधीच कोरा.

बिया टाकू नका. धुऊन, वाळवून, मीठ लावून भाजा. कोरण्यासाठी विकतात त्या भोपळ्याचा गर पाणचट, धाग्याधाग्यांचा असतो, त्यामुळे घारग्यांसाठी वेगळा गोड भोपळा आणा.

परक्या देशात भाषा अडते, पण नातवंडाशेजारी बसून भोपळा कोरायला भाषा फारशी लागत नाही. तिकडे जाणाऱ्या मैत्रिणीला एवढं नक्की सांगा.