भिंतीतली जुनी केबल पुन्हा कामाला

अकोले तालुक्यातल्या राजूरसारख्या डोंगराकडेच्या गावात ओटीवर इंटरनेटचा राउटर असतो आणि मागच्या खोलीत मोबाइलवरचे चक्र फिरत राहते. आत झोपून असलेल्या आजीला ई-संजीवनीवरून डॉक्टरांना दाखवायचे, तर तिलाच उचलून ओटीवर आणावे लागते. अशा वेळी शिव्या कंपनीला बसतात. पण दोष पुष्कळदा भिंतीचा असतो. वायफायच्या लहरी जाड दगडी भिंतीत विरतात. पावसाळ्यात भिंत ओली असली तर अधिकच, कारण पाणी त्या शोषून घेते. पत्रा तर त्यांना चक्क परतवून लावतो.

यावर ‘मेश’चा उपाय सांगितला जातो. खोल्याखोल्यांत छोटी उपकरणे ठेवायची आणि त्यांनी इंटरनेट एकमेकांकडे पोचवायचे. अडचण अशी, की ती आपसात बोलतात तीही बिनतारी, त्याच भिंतीतून. ऐकणे आणि पुढे सांगणे एकाच रेडिओवर असेल, तर प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. म्हणून ही उपकरणे आतून तारेने जोडलेली बरी.

ती तार अनेक घरांत आधीच आहे: टीव्हीसाठी टाकलेली गोल कोॲक्स केबल. मधोमध तांब्याचा किंवा तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाचा गाभा, भोवती प्लास्टिकचा फेस, त्यावर धातूची जाळी. लहर गाभा आणि जाळी यांच्या मधून धावते, त्यामुळे बाहेरचा गोंगाट आत शिरत नाही. ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज शास्त्रज्ञाने या रचनेचे पेटंट १८८० साली घेतले होते. अशा केबलमधून घरातले इंटरनेट नेण्याच्या तंत्राला ‘मोका’ म्हणतात. एक अडॅप्टर राउटरजवळ, दुसरा मागच्या खोलीत मेशच्या उपकरणाशी. मध्ये जुनी केबल. मोका २.५ या आवृत्तीची कमाल क्षमता सेकंदाला २,५०० मेगाबिट आहे. घरगुती जोडणीला एवढे लागतही नाही.

मात्र केबल टीव्हीची तार आणि डिशची तार दिसायला सारख्या असल्या, तरी इथे त्यांच्यात मोठा फरक पडतो. केबल टीव्हीचे संदेश सुमारे ८६२ मेगाहर्ट्झच्या खाली असतात आणि मोका २.५ चालतो ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झवर. दोघे एकाच तारेत सुखाने नांदतात. डिशच्या छत्रीकडून येणारे संदेश मात्र ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचे, म्हणजे थेट मोकाच्या अंगावर. शिवाय सेट-टॉप बॉक्स त्याच तारेतून छत्रीला १३ किंवा १८ व्होल्टचा वीजपुरवठा करतो. तिथे अडॅप्टर लावला तर टीव्ही बिघडेल आणि कदाचित अडॅप्टरही. चालू डिशच्या तारेला हात लावू नये. पण केबल सोडून डिश घेतलेल्या घरांत जुनी तार भिंतीत तशीच पडून असते. कामाची ती.

ही तार वापरण्यापूर्वी छतावर किंवा खांबाकडे जाणारा भाग तोडून वेगळा करावा. विजेच्या कडकडाटात तोच धोक्याचा. केबल टीव्ही चालूच ठेवायचा असेल, तर तार घरात शिरते तिथे मोकाचा फिल्टर लावावा, नाहीतर घरातला संदेश शेजाऱ्यापर्यंत पोचू शकतो. वाटेतला जुना स्प्लिटर बहुधा १००० मेगाहर्ट्झपर्यंतचाच असतो, तो बदलावा. गंजलेले कनेक्टर आणि उंदराने कुरतडलेली जाळी हे नेहमीचे शत्रू.

तालुक्याच्या दुकानात मोका अडॅप्टर मिळणे कठीण. ते ऑनलाइन मागवावे लागतात आणि स्वस्तही नसतात. भिंतीच्या कडेने नवी तार ओढता येत असेल, तर साधी नेटवर्क केबल कमी खर्चात शंभर मीटरपर्यंत तेच काम करते. भिंत फोडणे शक्य नसेल, तिथे मोका. वीज गेली की मात्र केवळ राउटर इन्व्हर्टरवर असून भागत नाही. दोन्ही अडॅप्टर आणि मागच्या खोलीतले उपकरणही त्यावर घ्यावे लागते.