यंत्राआधीची तालीम

मंडपात भोंगा लावला की गाण्याआधी घरघर ऐकू येते, हा अनुभव आम्हां सोनकच्छकरांस नवा नाही. नको तो आवाज गाळून हवा तो राखण्याचे काम हल्ली बहुधा आकड्यांच्या साहाय्याने होते. आवाज दर सेकंदास ठरावीक वेळा मोजावयाचा (साध्या टेलिफोनसाठी ८,००० वेळा, गाण्याच्या सीडीसाठी ४४,१०० वेळा) आणि त्या आकड्यांवर गुणाकार-बेरजा करून नकोसा भाग गाळावयाचा. हे गणित करणारी चिप एकदा घडविली म्हणजे तिच्यातील चूक काढणे फार महाग पडते. म्हणून आधी संगणकावर तालीम घेतात. मॅटलॅबच्या जोडीचे सिम्युलिंक हे असेच एक साधन. त्यात पडद्यावर चौकटी मांडून त्या रेघांनी जोडावयाच्या, एका टोकाने आकडे सोडावयाचे आणि दुसऱ्या टोकास काय बाहेर पडते ते पाहावयाचे.

ह्याचे उत्तम उदाहरण पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळील खोडदला आहे. तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातील अतिक्षीण लहरी टिपतात. आसपासच्या विजेच्या तारांवर ठिणगी उडाली की त्या लहरी झाकोळून जातात. ठिणगी ओळखावी कशी? समजा, आकडे आले २, ३, २, ४, ९०. सरासरी २०.२ भरते, म्हणजे एका ठिणगीने सारा हिशेब नासला! पण चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा घ्या. तो ३ येतो. त्यापासून फार दूर गेलेला आकडा वगळावयाचा, हीच तेथील गाळणीची युक्ती. चौकटींचा आराखडा पडद्यावर पारखून मगच तो चिपमध्ये उतरवितात.

तालमीत एक खोच मात्र असते. संगणक लांबलचक दशांश सांभाळतो. आठ बिटांच्या खऱ्या मंडलास अवघ्या २५६ पायऱ्या मोजता येतात. ही मर्यादा तालमीत घातली नाही, तर पडद्यावर उत्तम चाललेली गाळणी प्रत्यक्षात फसते. शिवाय संगणकास दिलेला गोंगाट खऱ्यासारखा नसेल, तर निकालही खरा नव्हे.

मॅटलॅब विकत घ्यावे लागते. फ्रान्समध्ये जन्मलेले सायलॅब मात्र विनामूल्य आहे. त्यातही अशीच चौकटींची सोय आहे. मुंबईच्या आय.आय.टी.ने त्याचा प्रसार केला असून तिच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात मराठी पाठही मिळतात. इंदूर-देवासला शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी वरचे पाच आकडे त्यात घालून प्रथम सरासरी आणि मग मधला आकडा काढून पाहावा. घरचा साधा संगणक त्यास पुरतो.