विहारातल्या चित्राला भेगा का पडतात?

आपल्या विहारांत तथागतांचे आणि बाबासाहेबांचे तैलचित्र लावतो. वर्गणी काढून, हौसेने. पण काही चित्रांना चार-दोन वर्षांतच भेगा पडतात. दोष बहुधा रंगाचा नसतो, घाईचा असतो. तेलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातले जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते. खाली तेलकट थर ओला असताना वर कमी तेलाचा थर दिला, की वरचा आधी वाळतो आणि मग तडकतो. म्हणून युरोपातले जुने चित्रकार आधी एकाच मातकट रंगात पातळ हाताने उजेड-सावली मांडत, तो थर वाळू देत, मग वर तेल वाढवत जात.

ही कला जुन्या चित्रांसमोर बसूनच येते. आपल्याकडे असा मोठा वर्ग भरला तो अजिंठ्यात. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत बसले. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. भिंतींवरून तेलरंगात सुमारे तीनशे नकला झाल्या. आधी रॉबर्ट गिलने केलेल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. १८८५ च्या आगीत याही शंभरावर जळाल्या, खराब झाल्या. शिकलेले हात मात्र मुंबईतच होते!

गंमत अशी, की मूळ भिंतींवर तेलरंग नाहीच. माती-भुशाचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि सरसात कालवलेले खनिज रंग. रंग उठून दिसावेत म्हणून या मंडळींनी भिंतींनाच व्हॉर्निश फासले. पुढे ते पिवळे पडले. शिकणाऱ्याने मूळ चित्राला हात लावू नये तो यासाठी.

अजिंठा लांब पडतो. पण महाडजवळ गंधारपाल्याची लेणी आहेत. पोलादपूरहूनही मुलांना सकाळी नेऊन संध्याकाळी परतता येते. खांबांवरची उजेड-सावली आधी कोळशाने, मग पुठ्ठ्यावर एकाच तपकिरी रंगात काढू द्या. दुसरा हात देण्याआधी बोट लावून पाहायला सांगा. रंग बोटाला लागला तर थांबायचे.

आणि आयांनो, रंगाची तेलकट चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू देऊ नका. जवसाचे तेल वाळताना तापते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. चिंधी अंगणात पसरून वाळवा.